शहापूर-मुरबाडचा शोधनिबंध जर्नलकडे पाठवण्यापूर्वी

भातलावणी सुरू झाली की ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. कुणाला बांधावर घोणस चावते, तर कुणाला रात्री जमिनीवर झोपेत मण्यार. रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो, तिथून शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात जातो. प्रकृती गंभीर असेल तर पुढे कल्याण, उल्हासनगर किंवा ठाणे गाठावं लागतं. प्रत्येक टप्प्यावर कुठल्या तरी रजिस्टरमध्ये एक ओळ लिहिली जाते. अशा शेकडो ओळींत देशभरच्या डॉक्टरांना उपयोगी पडेल अशी माहिती असते. ती निबंधाच्या रूपात छापून येते तेव्हाच इतरांपर्यंत पोचते.

हा लेख अशा नोंदींतून निबंध लिहू पाहणाऱ्यांसाठी आहे: वैद्यकीय अधिकारी, समुदाय आरोग्य अधिकारी, परिचारिका, संस्थांचे कार्यकर्ते आणि या भागात प्रबंधाचं काम करणारे विद्यार्थी. आपलं इंग्रजी चांगलं नाही, या धास्तीने यातले अनेकजण मागे राहतात. पण इंग्रजी कुणाकडूनही सुधारून घेता येतं. माहिती कोणाची, कुठली, कोणत्या महिन्यातली आणि कशी गोळा केली, हे लिहिताना केलेली हयगय मात्र मागाहून भरून निघत नाही. निबंध तरतो तो या तपशिलांवर, आणि ते जागेवर काम करणाऱ्याइतके दुसऱ्या कुणाकडे नसतात.

महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयावर होणाऱ्या परिणामांची लक्षणं बारकाईने टिपली आणि १९८२ साली ती ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. प्राझोसिन या औषधाचा त्यावरचा उपयोग त्यांनी १९८६ साली त्याच जर्नलमध्ये मांडला. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग असल्याचं १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्येच दाखवून दिलं. दोन्हीकडे मोठं रुग्णालय नव्हतं. नेमका प्रश्न आणि चोख नोंद होती.

प्रश्न एका वाक्यात बसवा

‘शहापूर तालुक्यातील सर्पदंशाचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न झाला नाही. प्रश्न असा हवा: ‘दंशापासून प्रतिविषाचा पहिला डोस मिळेपर्यंत किती वेळ जातो, आणि आधी भगताकडे (मांत्रिकाकडे) गेलेल्या रुग्णांत तो जास्त असतो का?’ हे वाक्य कागदावर लिहून टेबलावर ठेवा. निबंधातला प्रत्येक तक्ता आणि प्रत्येक परिच्छेद या वाक्याला उत्तर देतो का, ते तपासा. जो देत नाही तो गाळा. रजिस्टरमध्ये रुग्णाचा रक्तगट आहे म्हणून तो तक्त्यात घालण्याचं कारण नाही.

प्रश्न ठरला की अभ्यासाचा प्रकार आपोआप ठरतो, आणि त्यासोबत कुठली तपासणी-यादी वापरायची तेही. निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोब ही २२ मुद्द्यांची यादी आहे. रुग्णालयाच्या नेहमीच्या नोंदींवर अभ्यास बेतला असेल तर तिला जोडून रेकॉर्ड ही यादी वापरतात. एकाच रुग्णाची हकिकत असेल तर केअर, आणि मुलाखतींवर आधारलेलं काम असेल तर कोरेक ही ३२ मुद्द्यांची यादी. या सगळ्या इक्वेटर नेटवर्कच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. यादी निबंध लिहून झाल्यावर भरण्यापेक्षा लिहायला बसतानाच समोर ठेवावी. कुठली माहिती गोळा करायची राहिली, हे वेळेत कळतं.

परवानगी आधी, माहिती नंतर

एथिक्स कमिटीची मान्यता माहिती गोळा करण्याआधी घ्यावी लागते. काम झाल्यावर मान्यता मागितली तर कमिटी ती देत नाही, आणि मान्यता नसलेला निबंध प्रतिष्ठित जर्नल घेत नाही. हा दोष कितीही चांगल्या लेखनाने झाकला जात नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राकडे किंवा छोट्या संस्थेकडे स्वतःची कमिटी नसते. अशा वेळी वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा संशोधन संस्थेच्या नोंदणीकृत कमिटीकडे रीतसर अर्ज करता येतो. तिथल्या एखाद्या प्राध्यापकाला सुरुवातीपासून सोबत घेतलं तर वाट सोपी होते. निबंधात कमिटीचं नाव, मान्यतेचा क्रमांक आणि तारीख लिहावी लागते, म्हणून ते पत्र जपून ठेवा.

नुसत्या जुन्या नोंदी वापरायच्या असल्या तरी ‘यात रुग्णाला काय विचारायचंय?’ असं म्हणून मोकळं होता येत नाही. संमतीतून सूट द्यायची की नाही, हे कमिटी ठरवते. शिवाय प्रशासकीय परवानगी वेगळी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदींसाठी जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांसाठी जिल्हा शल्यचिकित्सक, अंगणवाडीच्या वजननोंदींसाठी एकात्मिक बालविकास सेवा योजनेचं कार्यालय, असे दरवाजे वेगवेगळे आहेत. एका दाराची परवानगी दुसरीकडे चालत नाही.

प्रत्यक्ष माणसांशी बोलायचं असेल तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं वाचूनच पुढे जा. पाड्यावरच्या जाणत्या माणसाने किंवा सरपंचांनी होकार दिला म्हणजे संमती मिळाली, असं होत नाही. त्यांचा होकार घ्यावा, पण प्रत्येक व्यक्तीची संमती स्वतंत्र घ्यावीच लागते. सही येत नसेल तर अंगठा आणि शेजारी निष्पक्ष साक्षीदाराची सही. लहान मुलांच्या अभ्यासात पालकांच्या संमतीबरोबर सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यायचा असतो. संमतिपत्र कोणत्या भाषेत होतं, ते वाचून दाखवलं का, कोणी दाखवलं, हे सगळं निबंधात दोन-तीन वाक्यांत यायला हवं. ज्या आशाताईंकडून कुटुंबाला लस आणि गोळ्या मिळतात, त्याच प्रश्न विचारत असतील तर माणसं नाही म्हणायला कचरतात. तसं झालं असेल तर तेही लिहा.

‘ठाणे जिल्हा’ लिहून भागत नाही

परगावचा समीक्षक ‘ठाणे’ वाचतो आणि त्याच्या डोळ्यांपुढे महानगर उभं राहतं. अभ्यासाच्या ठिकाणाचं वर्णन म्हणूनच जपून लिहायला हवं. जिल्ह्याच्या सरासरीवर ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, उल्हासनगर, भिवंडी अशा शहरांचा भार असतो. त्या सरासरीवरून डोळखांब किंवा टोकावड्याकडच्या पाड्यांबद्दल काहीच कळत नाही. जिल्ह्याचा आकडा प्रस्तावनेत घालून त्यावर तालुक्याचा निबंध उभा केला तर पायाच चुकतो.

यात आणखी एक खाच आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेतला ठाणे जिल्हा म्हणजे जुना, अखंड जिल्हा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१५-१६ ची चौथी फेरी २०११ च्या जनगणनेतल्या ६४० जिल्ह्यांवर बेतलेली होती. त्यामुळे तिच्यातल्या ‘ठाण्या’त जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी हे सगळं येतं. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत पालघर वेगळा आहे. या दोन फेऱ्यांतले ठाण्याचे आकडे शेजारी ठेवून ‘कुपोषण घटलं’ किंवा ‘संस्थात्मक प्रसूती वाढल्या’ असं लिहिणं चूक आहे, कारण मधल्या काळात जिल्ह्याची हद्दच बदलली. तुलना करायचीच असेल तर हा फरक त्याच परिच्छेदात सांगा.

‘आदिवासी तालुके’ हा शब्दही मोजून वापरा. १९८५ च्या आदेशाप्रमाणे शहापूर हा पूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, तर मुरबाडमधली काही गावंच त्यात आहेत. नियमांवर याचा थेट परिणाम होतो. आदिवासी आणि डोंगरी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३,००० मागे एक उपकेंद्र असा निकष आहे. सपाटीच्या भागात हेच आकडे ३०,००० आणि ५,००० आहेत. केंद्रं पुरेशी आहेत की नाहीत, हे तुम्ही कुठला निकष लावता त्यावर ठरतं.

माणसांचं वर्णनही असंच नेमकं हवं. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली या सगळ्यांना एका ‘आदिवासी’ रकान्यात टाकलं की फरक नाहीसा होतो. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक, दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. जमीन, स्थलांतर, शिक्षण या बाबतींत कातकरी वाडी आणि ठाकूर पाडा यांची स्थिती सारखी नसते. संख्या पुरेशी असेल तर वेगळे आकडे द्या. नसेल तर वेगळे का दिले नाहीत ते सांगा.

चांगल्या वर्णनात सहा-सात ओळी पुरतात: तालुका, क्षेत्राचा दर्जा, आरोग्य संस्था, जवळच्या मोठ्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता आणि लागणारा वेळ. शहापूरला कसारा मार्गाची लोकल आहे, मुरबाडला रेल्वेच नाही. रात्री रुग्ण हलवण्याबद्दल तुमचा निबंध असेल तर हे वाक्य त्यात हवंच.

कामाची पद्धत: जे घडलं ते घडलं तसं

निबंधाचा हा भाग सगळ्यांत आधी लिहा. प्रस्तावना आणि चर्चा नंतर लिहिता येतात, पण पद्धतीतले बारकावे महिन्याभरात विसरायला होतात. कसोटी एकच: अनोळखी माणसाला तुमचं लिखाण वाचून तेच काम तसंच करता आलं पाहिजे.

सर्पदंशाचंच उदाहरण घेऊ. विषारी दंशात रक्त गोठतं की नाही हे पाहण्यासाठी वीस मिनिटांची चाचणी करतात. ‘रक्त गोठण्याची चाचणी केली’ एवढं लिहिणं अपुरं आहे. ताजं शिरेतलं रक्त दोन मिलिलिटर, नव्या किंवा स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत, वीस मिनिटं न हलवता ठेवलं, मग नळी एकदा कलती करून पाहिली, असं लिहा. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर चाचणी चुकीचा निकाल देऊ शकते. सगळ्या केंद्रांवर काचेच्याच नळ्या होत्या का? नसतील तर तसं लिहा. जाणत्या समीक्षकाची नजर नेमकी इथेच जाते.

वजन-उंचीच्या अभ्यासातही हेच. काटा कुठला, तो कधी तपासला, मोजणाऱ्यांना प्रशिक्षण कोणी दिलं, हे सांगा. कुपोषणाची व्याख्या पहिल्यांदाच पक्की करा. तीव्र कुपोषित, म्हणजे सॅम, हे उंचीच्या तुलनेत वजनावरून किंवा दंडघेरावरून ठरतं. दंडघेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर मूल सॅममध्ये येतं. तीव्र कमी वजन मात्र वयाच्या तुलनेत वजनावरून ठरतं. अंगणवाडीच्या नोंदीत दोन्ही असतात आणि बोलताना दोघांनाही सरसकट कुपोषित म्हटलं जातं. निबंधात ती सरमिसळ झाली की आकड्यांना अर्थ उरत नाही.

महिना लिहायला विसरू नका. दिवाळी उलटली की पुष्कळ कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत केलेल्या पाहणीत अनेक झोपड्यांना कुलूप असतं, घरी म्हातारी माणसं असतात. ज्या मुलांचं वजन सगळ्यांत कमी असण्याची भीती, तीच मुलं नेमकी भट्टीवर. अशा पाहणीचा आकडा खऱ्या स्थितीपेक्षा बरा दिसतो. यादीत किती घरं होती, किती बंद होती, किती वेळा फेरी मारली आणि अखेर किती घरांतून माहिती मिळाली, हे चारही आकडे द्या. उलट, ऑगस्टमधली पाहणी जुलाब-तापाच्या दिवसांतली असते, तेव्हा मुलांची वजनं उतरलेली असतात. दोन अभ्यासांची तुलना करताना महिना सारखा आहे का, ते पाहावंच लागतं.

नमुना किती घेतला आणि का, हेही सांगा. एखाद्या गोष्टीचं प्रमाण ५० टक्के धरून पाच टक्क्यांच्या फरकाने मोजायचं असेल तर साधारण ३८४ माणसं लागतात. पण पाडे निवडून पाड्यातली सगळी घरं घेतली असतील तर एका पाड्यातली माणसं एकमेकांसारखी असतात. म्हणून ही संख्या वाढवावी लागते, अनेकदा दुप्पट धरतात. हा हिशेब संख्याशास्त्र जाणणाऱ्याकडून काम सुरू होण्याआधी करून घ्या. माहिती गोळा झाल्यावर त्याच्याकडे गेलं तर तो फारशी मदत करू शकत नाही.

आकडे मांडताना

एक काल्पनिक उदाहरण घेऊन पाहू. समजा, तीन वर्षांच्या रजिस्टरमध्ये सर्पदंशाचे १८० रुग्ण सापडले. त्यातल्या १२६ जणांच्याच नोंदीत दंशाची वेळ आहे. पुढचे सगळे वेळेचे आकडे या १२६ जणांचे असतील, आणि ही गोष्ट पहिल्याच वाक्यात यायला हवी. उरलेले ५४ कोण होते? ते जास्त गंभीर होते म्हणून घाईत वेळ लिहायची राहिली, की किरकोळ होते म्हणून कुणी विचारलं नाही? दोन्ही गटांचं वय, लिंग आणि मृत्यूचं प्रमाण एका छोट्या तक्त्यात शेजारी-शेजारी द्या. वाचकाला स्वतःच अंदाज येईल.

आता त्या १२६ पैकी ४८ जण आधी भगताकडे गेले होते असं धरू. ‘बहुसंख्य रुग्ण अंधश्रद्धेमुळे भगताकडे जातात’ हे वाक्य चुकीचं आहे आणि अन्यायकारकही. निम्म्याहून कमी माणसं बहुसंख्य होत नाहीत, आणि कारण तर तुम्ही विचारलेलंच नाही. रात्री वाहन नसणं, दवाखान्यात प्रतिविष मिळेल याची खात्री नसणं, अशी कारणंही असू शकतात. वाक्य असं लिहा: ‘दंशाची वेळ नोंदलेल्या १२६ रुग्णांपैकी ४८ जण (३८.१ टक्के, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल २९.६ ते ४६.६) रुग्णालयात येण्यापूर्वी भगताकडे गेले होते.’ यात संख्या आहे, छेद आहे, टक्केवारी आहे आणि अंदाजाची मर्यादाही आहे. कारणांची चर्चा पुढच्या भागात करता येईल, तीही पुराव्यासह.

वेळेसारख्या आकड्यांत सरासरी फसवते. पाच रुग्ण अनुक्रमे ४० मिनिटं, १ तास, दीड तास, २ तास आणि २६ तासांनी आले तर सरासरी येते ६ तास १४ मिनिटं. त्या पाचांतला एकही रुग्ण सहा तासांच्या आसपास आलेला नाही. मधला आकडा, म्हणजे मध्यक, दीड तास आहे आणि तोच खरं चित्र दाखवतो. अशा ठिकाणी मध्यक द्या आणि त्यासोबत चतुर्थक अंतर, म्हणजे मधल्या निम्म्या रुग्णांच्या वेळांचा पल्ला, द्या.

रजिस्टरवरच्या अभ्यासात आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: रजिस्टरमध्ये कोण नाही? घरीच दगावलेला माणूस नाही. वाटेत दगावलेला नाही. थेट ठाण्याला किंवा खासगी दवाखान्यात गेलेलाही नाही. तेव्हा ‘शहापूर तालुक्यात सर्पदंशाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण’ असं शीर्षक रुग्णालयाच्या नोंदींवरून देता येणार नाही. ‘रुग्णालयात दाखल झालेल्यांमधलं प्रमाण’ एवढंच म्हणता येईल. गडचिरोलीच्या अभ्यासाचं मोल यातच होतं. दवाखान्यात येणाऱ्या स्त्रियांपुरतं न थांबता गावातल्या स्त्रिया तपासल्या गेल्या, म्हणून त्या ९२ टक्क्यांना वजन आलं.

चर्चा आणि मर्यादा

चर्चेचा पहिला परिच्छेद सुरुवातीच्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा असावा. मग इतरांच्या कामाशी तुलना, मग फरकाची संभाव्य कारणं. एका वेळच्या पाहणीतून ‘यामुळे ते झालं’ असं सिद्ध होत नाही, ‘यासोबत ते आढळलं’ इतकंच म्हणता येतं.

मर्यादा लिहायला कचरू नका. ‘नमुना लहान होता’ हे ठरीव वाक्य टाकून पुढे जाऊ नका. नोंद कुठे अपुरी होती, त्यामुळे आकडा वर गेला असेल की खाली, हे सांगा. शेवटची शिफारस तुमच्या आकड्यांतून निघालेली असावी. वरच्या उदाहरणात दंशाची वेळ ५४ नोंदींत नव्हती, तर रजिस्टरमध्ये त्यासाठी वेगळा रकाना असावा ही शिफारस निघते. ‘जनजागृती व्हावी’ ही कुठल्याही निबंधाला चिकटवता येते, म्हणून तिचा उपयोग नाही.

माणूस ओळखू येऊ नये

नाव गाळलं म्हणजे ओळख लपली, असं नसतं. तीस घरांच्या वाडीत ‘एकोणीस वर्षांची, तिसरी खेप, सिकलसेल बाधित’ एवढं लिहिलं की सगळ्या गावाला कळतं. निबंधात वाडी-पाड्याचं नाव देऊ नका, तालुका पुरेसा आहे. वय गटात द्या. तक्त्यातल्या एखाद्या चौकटीत एक-दोनच माणसं येत असतील तर गट एकत्र करा. सिकलसेल, क्षयरोग, एचआयव्ही, अविवाहितेचं गरोदरपण अशा विषयांत गावाचं नाव छापणं म्हणजे गावातल्या मुलींच्या लग्नापर्यंत त्रास पोचवणं. फोटोसाठी वेगळी लेखी संमती लागते आणि डोळ्यांवर काळी पट्टी ओढल्याने चेहरा लपत नाही.

नाव कोणाचं

लेखक कोण, हे काम सुरू होतानाच ठरवा. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संपादक समितीच्या चार अटी आहेत: कामाच्या आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा त्यात महत्त्वाची सुधारणा करण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही पुऱ्या व्हायला हव्यात. पद मोठं आहे म्हणून साहेबांचं नाव घालणं या अटींत बसत नाही. उलट, ज्या परिचारिकेने नोंदवही आखली, वर्षभर माहिती भरली आणि चुका दाखवून दिल्या, तिला मसुदा वाचायला द्या, तिचं म्हणणं घ्या आणि लेखकांत तिचं नाव घाला. मसुदा इंग्रजीत असेल तर तो तिला मराठीत समजावून सांगा. माहिती गोळा करणाऱ्या आशाताई, वाहनचालक, दुभाषे यांचे आभार त्यांना विचारून, नावानिशी माना.

मसुदा सुधारायला कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं वापरली तर तसं जाहीर करावं लागतं. साधन लेखक होऊ शकत नाही. त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ पबमेडवर स्वतः शोधून पाहा, कारण अस्तित्वातच नसलेले निबंध ही साधनं बिनदिक्कत लिहून देतात. रुग्णांची माहिती तर अशा साधनात टाकूच नका.

जर्नल निवडताना

तुमच्या विषयावरचे पाच-सहा निबंध ज्या जर्नलमध्ये सापडले, तिथून सुरुवात करा. १९१३ पासून निघणारं ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’, सामाजिक वैद्यकशास्त्राच्या संघटनेचं ‘इंडियन जर्नल ऑफ कम्युनिटी मेडिसिन’, ‘इंडियन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’, ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’, बालरोगांसाठी ‘इंडियन पीडियाट्रिक्स’, संमती आणि न्यायाच्या प्रश्नांसाठी मुंबईहून निघणारं ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’, अशी नावं जवळची आहेत. शुल्क आहे का, ते किती आणि कधी भरायचं, हे पाठवण्याआधी वाचा.

आठवड्याभरात छापून देतो असं सांगणारी ईमेल आली तर सावध व्हा. खऱ्या समीक्षेला आठवडे, कधी महिने लागतात. संपादक मंडळातली नावं खरी आहेत का, जर्नल मेडलाइन किंवा डीओएजे (डिरेक्टरी ऑफ ओपन अॅक्सेस जर्नल्स) यांच्या यादीत आहे का, हे त्या यादीत जाऊनच पाहा. जर्नलच्या स्वतःच्या दाव्यावर विसंबू नका. बनावट जर्नलमध्ये एकदा छापलेला निबंध पुन्हा चांगल्या जर्नलकडे पाठवता येत नाही. वर्षभराची मेहनत पाण्यात जाते.

पाठवण्याआधीचा शेवटचा फेरा

मसुदा चार-पाच दिवस बाजूला ठेवा आणि मग कागदावर छापून हातात पेन घेऊन वाचा. हे तपासा:

– सारांशातला प्रत्येक आकडा मजकुरात आणि तक्त्यात तोच आहे का? मसुदा बदलताना सारांश जुनाच राहतो, ही नेहमीची गफलत आहे.
– सारांशाची शब्दमर्यादा पाळली का? पुष्कळ जर्नल २५० शब्द देतात.
– तक्त्यांतल्या बेरजा जुळतात का? टक्केवारीचा छेद प्रत्येक रकान्यावर लिहिला आहे का?
– तक्ता मजकुराशिवाय वाचला तरी समजतो का? ठिकाण आणि वर्ष त्याच्या शीर्षकात आहे का?
– गावांची, संस्थांची इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे एकच आहेत का?
– संदर्भ जर्नलच्या पद्धतीप्रमाणे, बहुधा व्हँकुव्हर पद्धतीने, मजकुरात येतील त्या क्रमाने आहेत का? प्रत्येक संदर्भ तुम्ही स्वतः वाचला आहे का?
– लेखकांची नावं न कळवता समीक्षा होत असेल तर मूळ फाइलमध्ये तुमची किंवा संस्थेची नावं राहिली आहेत का? एथिक्स कमिटीचं वाक्य, आभार आणि फाइलचे गुणधर्म या तीन जागा खास पाहा.
– निधी, हितसंबंध, एथिक्स मान्यता, लेखकांचं योगदान यांची निवेदनं जोडली का?
– औषधोपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधीचा सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) नोंदणी क्रमांक दिला का?

कव्हर लेटर एका पानाचं असावं. प्रश्न काय, काय सापडलं आणि या जर्नलच्या वाचकांना त्याचा उपयोग काय, हे तीन परिच्छेदांत सांगा. निबंध दुसरीकडे पाठवलेला नाही, हेही त्यात लिहा. एकाच वेळी दोन जर्नलकडे पाठवणं हा गंभीर गैरप्रकार समजला जातो.

समीक्षा आली की

पहिल्या फेरीत निबंध जसाच्या तसा स्वीकारला जाणं विरळाच. दुरुस्त्या मागितल्या म्हणजे दार उघडं आहे. समीक्षकाचा प्रत्येक मुद्दा उतरवून घ्या, त्याखाली उत्तर लिहा आणि कितव्या पानावर, कितव्या ओळीत बदल केला ते सांगा. पटलं नाही तर पुराव्यासह, सभ्यपणे तसं लिहा. ‘दंशाची वेळ सगळ्या रुग्णांची का नाही?’ या प्रश्नाला ‘ग्रामीण रुग्णालयात असंच असतं’ हे उत्तर नव्हे. वेळ का नोंदली गेली नाही, रकाना नव्हता की विचारणारं माणूस एकटं होतं, हे सांगितलं तर समीक्षकालाही परिस्थिती कळते. नकार आला तरी त्यासोबतचे शेरे वापरून मसुदा सुधारा, पुढच्या जर्नलच्या नियमांप्रमाणे तो बसवा आणि पाठवा. न सुधारता पाठवलेला निबंध त्याच समीक्षकाच्या हाती पुन्हा पडू शकतो.

छापून आल्यावर

निबंधाचा एक पानी मराठी सारांश तयार करा: काय विचारलं, काय सापडलं, काय बदलायला हवं. जर्नलच्या नियमांत बसेल त्या रीतीने तो तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना आणि शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला द्या. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक सभेत तो वाचा. मग ग्रामसभेत जा, आणि तीही दिवाळीआधी, सगळी कुटुंबं घरी असताना. पाड्यावरच्या माणसांनी वेळ दिला, रक्त दिलं, घरची दुखणी सांगितली, तेव्हा त्यातून काय निघालं हे ऐकण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे. तुमचा आकडा तिथे कुणी चूक ठरवला, तर ते नीट लिहून घ्या आणि पुढच्या अभ्यासाचा प्रश्न त्यातूनच ठरवा.